छोट्या जहाजातून अलास्का : इंजिन बंद झाल्यावर

निळीशाई

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, मी आणि माझी नणंद अशा दोघीच आग्नेय अलास्कात एका छोट्या जहाजावर सात रात्री होतो. परत आल्यापासून जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच, "जहाजावर काय काय होतं?" काही नव्हतं. पोहण्याचा तलाव नाही, कॅसिनो नाही, लिफ्ट नाही, मोबाइलला रेंज नाही. एक जेवणाची खोली, पुस्तकांचं एक फडताळ, मागे कयाकची चळत आणि ओले रेनकोट टांगायला खुंट्यांची लांबच लांब रांग. प्रवासी पन्नासच्या थोडे वर. केबिन एवढी, की एकीला पायमोजे घालायचे असतील तर दुसरीने पलंगावर मांडी घालून बसायचं.

जुनोत चढायचं, जुनोतच उतरायचं. जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून येणारा रस्ता नाही. विमानाने या नाहीतर बोटीने.

पहिल्या संध्याकाळी कप्तानाने नकाशा भिंतीला लावला आणि सांगितलं, की हा बेत आहे, वेळापत्रक नव्हे. आम्ही माना डोलावल्या. अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. ट्रेसी आर्म नावाच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, शिरायचं होतं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, टोकाला सॉयर हिमनद्या. आत अर्ध्या वाटेवर बर्फाचे तुकडे इतके दाट झाले, की जहाज मुंगीच्या पावलाने चालायला लागलं. लोखंडी बुडाला बर्फ घासल्याचा आवाज केबिनमध्ये अगदी उशाशी येत होता. तासाभराने कप्तानाने जहाज वळवलं. नणंद कुजबुजली, "वहिनी, एवढे पैसे भरून आल्या पावली परत?"

मग शेजारच्या एंडिकॉट आर्ममध्ये गेलो. तिथल्या डॉज हिमनदीपासून बरंच अलीकडे जहाज थांबलं आणि आम्हाला दहा-दहा जणांना रबरी होडीतून पुढे नेलं. होडी चालवणाऱ्या मुलीने इंजिन बंद केलं. म्हणाली, पाच मिनिटं कोणी बोलू नका.

आधी वाटलं पाऊस पडतोय. नव्हता. आजूबाजूचा सगळा बर्फ तडतडत होता, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखा. बर्फ होताना जी हवा आत दाबून अडकलेली असते, ती बर्फ वितळताना बुडबुडा-बुडबुडा करून फुटते. ती हवा शेकडो वर्षांपूर्वीची. त्या मुलीने बशीएवढा एक तुकडा पाण्यातून काढून हातात दिला. काचेसारखा स्वच्छ, एक बारीक फेसाळ रेघ सोडली तर. कानाशी धरला तर तो आतून कुरकुरत होता. बोटं बधिर झाली तरी खाली ठेववेना.

हिमनदीची भिंत निळी. फोटोत दिसते त्याहून जास्त. दाबामुळे बर्फातली बरीचशी हवा निघून जाते, स्फटिक मोठे होतात आणि प्रकाशातला तांबडा भाग त्यात शोषला जातो, उरतो निळा. हे मी तिथे ऐकलं. पण आधी दहा मिनिटं नुसती बघत होते ते बरं झालं.

मग कडा कोसळला. गंमत म्हणजे कोसळताना आवाजच नाही. इमारतीएवढा तुकडा मुक्यानेच सुटला, पाण्यात गेला, पांढरा कारंजा उडाला, आणि तीनेक सेकंदांनी आवाज आला. तोफेसारखा म्हणतात, पण मला आभाळ गडगडल्यासारखा वाटला. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे लिंगिट लोकांच्या बोलीत याला पांढरा गडगडाट म्हणतात असं कळलं. बर्फ पाण्यात पडतो हे दिसलं ना दिसलं तोवर होडीवालीने इंजिन चालू करून नाक लाटेकडे वळवलं होतं. आमच्यापाशी आली तोवर लाट फुगवट्याएवढीच राहिली होती. आजूबाजूच्या तुकड्यांवर सील आपापल्या पिल्लांसह पहुडलेल्या, त्यांनी डोकी वर केली आणि परत टेकवली. जूनमध्ये या माद्या अशा तुकड्यांवरच वितात. बर्फाच्या गर्दीत ऑर्कांना, म्हणजे किलर व्हेलना, शिकार अवघड जाते असं सांगतात.

नणंद या सगळ्यात फोन छातीशी उलटा धरून बसली होती. मला वाटलं, फोटो काढायचंही विसरली.

पुढचं टंकून ठेवते आहे, देवमासे त्यात आहेत.

सातबारा

वाचनखूण साठवली. पुढचा भाग लवकर टाका, पण त्याआधी दोन रोकडे प्रश्न. खर्च किती? आणि व्हिसाचं काय? आमच्याकडे फक्त अमेरिकेचा आहे. मोठ्या क्रूझची चौकशी केली तर सगळे म्हणाले कॅनडाचाही लागेल.

निळीशाई

@सातबारा, खर्चाचा आकडा ऐकून घरी शांतता पसरली होती. सात रात्रींना माणशी पाच-सहा हजार डॉलरच्या खाली फारसं काही दिसलं नाही, वर कितीही. विमान वेगळं, टिप वेगळी. मोठ्या जहाजाची आतली खोली याच्या पाव किमतीत मिळते, हे सरळ सांगते. आम्हा दोघींनाही अमेरिकेचाच व्हिसा होता, तेवढ्यावर भागलं, कारण आमचं जहाज अलास्काच्या पाण्याबाहेर गेलंच नाही.

खाडीवरचा

कॅनडाचं गौडबंगाल असं : १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं उचलून नुसतं अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडता येत नाही, आणि फेरी मारून त्याच बंदरात परत यायचं तरी मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची. म्हणून सिअॅटलहून निघालेलं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला रात्री दोन-चार तास थांबतं, किंवा सफर व्हँकूव्हरहूनच सुरू होते. भारतीय पासपोर्टला मग कॅनडाचा व्हिसा आला. ग्रीनकार्डवाल्यांना तो लागत नाही, एच-वनवाल्यांना लागतो. जुनो, सिटका, केचिकन इथून सुटणारी छोटी जहाजं अमेरिकी झेंड्याची असतात, त्यांना ही भानगड नाही. त्यांचे दर चढे असण्याचं हेही एक कारण. जहाज अमेरिकेत बांधलेलं, कर्मचारी अमेरिकी पगारावर.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात बरीच वर्षं आहोत, तीनदा जाऊन आलोय, दोनदा गरिबीत. गरिबीतलं नंतर लिहितो.

अण्णा_उवाच

छान लिहिलंय ताई. पण "काही नव्हतं" हे कौतुकाने सांगता, त्यावर एका म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं ऐका. आम्ही दोघं मोठ्या जहाजाने गेलो. सौ.चे गुडघे गेलेले, चाकाची खुर्ची. बाराव्या मजल्यावरून ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानातली मार्जरी हिमनदी अख्खी दिसली, वरून, पार मागच्या डोंगरापर्यंत. उद्यानाचे रेंजर आमच्याही जहाजावर चढले होते, दिवसभर ध्वनिक्षेपकावर माहिती देत होते. कप्तानाने एकाच जागी जहाज संथ गोल फिरवलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. तुमच्या रबरी होडीत सौ.ला कोण उतरवणार होतं?

निळीशाई

कोणीच नाही, अण्णा. आमच्या जहाजावर जिने उभे आणि उंबरे घोट्याच्या वर. होडीत उतरताना खलाश्याचा दंड धरून, लाट वर आली की पाय टाकायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मोठंच जहाज घ्यावं. माझी आई सोबत असती तर मीही तेच केलं असतं.

आता पुढचं. अॅडमिरल्टी बेटाच्या किनाऱ्याने जात होतो. या बेटाचं लिंगिट नाव कूट्झनूवू, म्हणजे अस्वलांचा किल्ला. साधारण चौरस मैलाला एक तपकिरी अस्वल असा हिशोब सांगतात, एकूण सोळाशेच्या घरात. काळं अस्वल इथे औषधालाही नाही. एक मादी ओहोटीच्या पट्ट्यात धोंडे उलटे करत होती. आपण पायपुसणं उचलून खाली किल्ली आहे का बघतो ना, तसं, एका हाताने, कंटाळल्यासारखं. धोंडा मात्र चार माणसांना न हलणारा. खालचे खेकडे-बिकडे खाऊन झाले की पुढचा. दोन पिल्लं मागून तेच धोंडे परत तपासत येत होती.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या एका खाडीत आम्हाला पायी फिरवायला उतरवलं. या भागात भरती-ओहोटीत सहा-सहा मीटरचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी जिथे पाणी तिथे दुपारी चिखल. माझा डावा बूट त्यात रुतला आणि पाय बाहेर आला. बूट काढायला वाकले तर उजवाही गेला. शेवटी दोघांनी मला काखेत धरून उपसलं, बूट मागून फावड्याने. उसने दिलेले बूट दोन नंबर मोठे होते हे मी आधीच सांगितलं होतं, "चालेल" म्हणाले होते. आपल्या मापाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन जा, यावर तडजोड नको. तिथले लोक तपकिरी एक्स्ट्राटफ घालून लग्नालासुद्धा जातात म्हणे.

आणि आता देवमासे. चॅथम सामुद्रधुनी, संध्याकाळचे साडेआठ, पण उजेड चारसारखा. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळा हवाईच्या गरम पाण्यात काढतात, तिथे जवळपास उपाशी असतात आणि उन्हाळ्यात इथे येऊन वर्षाचं खाणं खातात. कप्तान पाण्याकडे बघतच नव्हता, आभाळातल्या कुरव पक्ष्यांकडे बघत होता. जहाज लांब थांबवलं, पाण्यात सूक्ष्मध्वनी टिपणारा माइक सोडला, डेकवर स्पीकर लावला. खालून एक लांब, चढत जाणारी हाळी ऐकू येत होती, सनईवाला सूर लावताना काढतो तशी काहीशी. एकाच माशाची. ती तुटली आणि सगळे गप्प झालो. मग पाण्यावर बुडबुड्यांचं एक कडं उमटायला लागलं, रांगोळीचे ठिपके पडावेत तसं एका बाजूने सुरू होऊन पूर्ण वर्तुळ. हेरिंग नावाच्या छोट्या माशांचे थवे त्या बुडबुड्यांच्या जाळ्याबाहेर जात नाहीत. कडं जुळलं आणि मधून एकदम सात-आठ जबडे उभे वर आले. गुलाबी टाळू दिसली. चांदीसारखे हेरिंग जबड्याच्या काठावरून उडून बाहेर पडत होते आणि कुरव ते हवेतच उचलत होते.

दोन तासांत नऊ वेळा. पाचव्या वेळेनंतर कोणी कॅमेरा उचलला नाही. एकाचा श्वास वाऱ्याबरोबर आमच्यावर आला. त्या वासाबद्दल एवढंच सांगते, की कुजलेल्या मासळीचा ट्रक परवडला.

जेवण दोन तास उशिरा मिळालं. स्वयंपाकीणबाई स्वतः डेकवर उभ्या होत्या.

करवंद

वाचायला सुंदर. पण खटकतंय ते बोलते. बर्फ वितळतोय म्हणून तो बघायला डिझेल जाळत जायचं, आणि जे मासे वर्षाचं खाणं खायला आलेत त्यांच्या जेवणाच्या पानाशी जहाज उभं करायचं. उत्तर प्रशांतातले हंपबॅक २०१२ ते २०२१ दरम्यान सुमारे वीस टक्क्यांनी घटले, समुद्राच्या उष्णतेच्या लाटेत त्यांचं खाद्यच कमी झालं. त्यात पुन्हा आपण. छोटं जहाज म्हणजे निसर्गप्रेमी हे मला पटत नाही, माणशी इंधन बघितलं तर कदाचित उलटंच निघेल.

खाडीवरचा

@करवंद, इंधनाचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही. पण नियम आहेत आणि बऱ्यापैकी पाळले जातात. अलास्कात हंपबॅकपासून शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर, दूर राहावं लागतं. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात तेच अंतर पाव सागरी मैल. तिथे दिवसाला मोठी क्रूझ जहाजं दोनच, मधल्या आकाराच्या सहलीच्या बोटी तीन. जॉन्स हॉपकिन्स खाडीत मे-जूनमध्ये कोणतीच बोट जाऊ शकत नाही, सीलच्या पिल्लांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या क्रूझना बंदी, इतरांनी सीलपासून लांब राहायचं.

हे नियम नुसते कागदावर का नाहीत, हे बघायचं तर याच उद्यानातल्या बार्टलेट कोव्हला एक सांगाडा उभा केलाय. "स्नो" नावाची हंपबॅक मादी. २००१ मध्ये जहाजाची धडक बसून मेली, पोटात पिल्लू होतं. जहाज कंपनीला साडेसात लाख डॉलर भरावे लागले. पंचेचाळीस फुटी सांगाडा आहे, त्याच्या खाली उभं राहिलं की बोलणं आपोआप थांबतं.

करवंद

हे माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण धन्यवाद.

पेन्सिलवाला

दोन बावळट प्रश्न. जहाज लागतं का? आणि थंडी किती? मला बसमध्येसुद्धा मळमळतं.

निळीशाई

@पेन्सिलवाला, हा सगळा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो आणि आमचं जहाज बहुतेक रात्री खाडीत नांगर टाकून उभं असायचं, त्यामुळे फार कमी. आइसी सामुद्रधुनीत एका दुपारी डुललं, तेवढंच. मोठी जहाजं सिअॅटलहून येताना उघडा समुद्र घेतात तिथे जास्त लागतं म्हणतात. थंडी दहा ते पंधरा अंश, पण खरा शत्रू पाऊस. हे वर्षावनच आहे. सात दिवसांत साडेचार दिवस पाऊस होता. छत्रीवर सगळे हसतात. सुती कपडे घरी ठेवा, एकदा भिजले की सहलभर वाळत नाहीत. शाकाहारी जेवण आधी कळवलं तर मिळतं, चवीची हमी मी देत नाही.

भुईचाफा

पाच-सहा हजार डॉलर नसलेल्यांनी काय करायचं? नुसतं वाचायचं का?

खाडीवरचा

@भुईचाफा, हे घ्या गरिबीतलं. अलास्काची सरकारी फेरीसेवा १९६३ पासून चालू आहे. वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅमहून निघा, नाहीतर केचिकन-जुनो-सिटका असे तुकडे करा. केबिन घेतलीच पाहिजे असं नाही. आम्ही उघड्या डेकवर तंबू लावला होता, खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून चिकटपट्टीने डेकला चिकटवून. रात्री वारा सुटला की अख्ख्या डेकवर पट्टी उपटल्याचा आवाज. शेजारच्या तंबूतल्या आजीने आम्हाला अख्खं रीळ देऊन टाकलं.

जुनोहून ग्लेशियर बेजवळच्या गस्टेव्हस गावाला छोटं विमान किंवा फेरी. तिथून बार्टलेट कोव्ह दहा मैल. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, तंबूची जागाही फुकट. सकाळची दिवसभराची बोट हिमनदीपर्यंत जाऊन येते. छोट्या जहाजाची मजा नाही, पण पफिन, सी-लायन, बकऱ्या, अस्वलं सगळं त्याच पाण्यात. वाटेत समुद्री पाणमांजरांचे कळप बघा. रशियन व्यापाऱ्यांनी कातड्यांपायी या भागातून ती पार संपवली होती, १९६०च्या दशकात सुमारे चारशे आणून सोडली, आता हजारो आहेत. पर्यटक खूश, खेकडे पकडणारे कोळी मात्र शिव्या घालतात, कारण खेकडे तीच फस्त करतात.

निळीशाई

ग्लेशियर बेचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगते, मग हा धागा मी बंद करते, असं म्हणते आहे.

१७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक इथून गेले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशी बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे गेला होता. आज टोकाशी जायला ६५ मैल आत जावं लागतं. म्हणजे आपण जहाजाने आत जातो ते काळात मागे जातो. तोंडाशी स्प्रूसचं दाट जंगल, दोनशे वर्षांचं. मग झाडं बुटकी. मग नुसती आल्डरची झुडपं. मग शेवाळ. टोकाला खडक, कालपरवा उघडा पडल्यासारखा. वर बसलेलं बर्फाचं ओझं गेल्याने जमीनसुद्धा वर येते आहे, गस्टेव्हसजवळ वर्षाला तीनेक सेंटिमीटर.

पण एक बाजू मला आधी ठाऊक नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यात हाच बर्फ पुढे सरकत आला तेव्हा इथल्या खोऱ्यात हूना लिंगिटांची गावं होती. ती सोडून त्यांना पळावं लागलं. बर्फ मागे हटला तोवर तिथे सरकार आलं, १९२५ मध्ये संरक्षित स्मारक झालं, आणि आपल्याच जागेत अंडी गोळा करायलाही त्यांना मज्जाव झाला. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं. आमच्याबरोबर हूना गावची एक बाई दिवसभर होती. सगळे हिमनदीचे फोटो काढत होते तेव्हा ती हिमनदीकडे पाठ करून खाडीच्या तोंडाकडे बघत उभी होती. मी विचारलं नाही.

खाडीवरचा

ताई, तुम्ही ट्रेसी आर्ममधून परत फिरलात ना जुलैत? नंतरची बातमी कळली का? १० ऑगस्टला पहाटे साऊथ सॉयर हिमनदीजवळ अख्खा कडा पाण्यात कोसळला. समोरच्या डोंगरावर चारशे मीटरहून वर पाणी चढलं, झाडं-माती सगळं खरवडून नेलं. फियॉर्डच्या तोंडाशी बेटावर तंबू टाकलेल्या कयाकवाल्यांचं सामान वाहून गेलं. कोणी दगावलं नाही, कारण पहाट होती आणि आत बोट नव्हती. याच किनाऱ्यावर लितुया बेमध्ये १९५८ ला ५२४ मीटरपर्यंत पाणी चढलं होतं. बर्फ मागे गेला की कड्यांचा टेकू जातो.

निळीशाई

कळलं. बातमी नणंदेनेच पाठवली, खाली काही न लिहिता. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी मी कप्तानाला मनातल्या मनात काय काय बोलले होते." आमचं परत फिरणं आणि ते कोसळणं यांचा काही संबंध नाही, मध्ये महिना गेला होता. तरी दोघी बराच वेळ फोनवर नुसत्याच होतो.

सातबारा

अंगावर काटा आला. ताई, तिकडचे फोटो टाका ना, एकही नाही धाग्यात.

निळीशाई

माझे सगळे पावसाचे आहेत, नाहीतर देवमाशाची शेपटी बुडून गेल्यानंतरच्या पाण्याचे. पण नणंद त्या दिवशी होडीत फोन उलटा धरून बसली होती ती विसरून नव्हे, आवाज टिपत होती. चौदा मिनिटं नुसता बर्फ तडतडतोय. तिची परवानगी घेतली आहे, उद्या दुवा देते. हेडफोन लावून ऐका. नवव्या मिनिटाला एक मोठा खर्रर्र येतो तो हिमनदीचा नाही, माझ्या रेनकोटची चेन आहे.